तिसरा सण

अण्णाराव : छप्पर असं विरळ का ठेवलंय, मावशी? सगळं ऊन आत येतंय.

सोजरबाई : मुद्दाम ठेवलंय. रातीला आतनं चांदण्या दिसाय पायजेत.

अण्णाराव : हे कुठल्या शास्त्रात लिहिलंय?

सोजरबाई : शास्त्रात न्हाई. रेल्वे लायनीतल्या दीनाबाईनं सांगितलं हुतं. यहुदी माणसं ती. त्यांच्या घरातली तीन बाळंतपणं मी केली. इस्राएलला निगून जायच्या आदी दर साली त्यांच्या अंगणात असाच मांडव पडायचा, आन सात दीस समदं घर त्यात जेवायला बसायचं. पर पाळकसाहेब, तुमी छप्पर बगायला आला न्हाई. त्या हातातल्या कागदाच्या किती घड्या घालायलाय?

अण्णाराव : काल पंचांची सभा झाली. थोरले पंच बाळासो, त्यांच्या दुकानात, नव्या पेठेत.

सोजरबाई : देवळाची सभा कापडाच्या दुकानात?

अण्णाराव : ते राहू द्या. ठराव झालाय. वाचून दाखवतो. "सोजरबाई आप्पा यांनी ख्रिस्ती मंडळीच्या देवळाच्या आवारात विनापरवानगी उभारलेला मांडव शनिवारी दिवस मावळायच्या आत उतरवावा. न उतरवल्यास त्यांना प्रभुभोजनास बसता येणार नाही, आणि बायकांचा शास्त्रवर्ग त्यांच्याकडून काढून घेतला जाईल."

सोजरबाई : शनवार म्हंजी आजच की.

अण्णाराव : म्हणून तर पळत आलो. अजून तासभर आहे. चार मेढी आणि बाजरीचं सरमाड, किती वेळ लागणार उतरवायला? मी हात लावतो तुमच्याबरोबर.

सोजरबाई : तुमी हात लावला म्हंजी मी न्हाई म्हणणार न्हाई, असं पंचांस्नी वाटलं. व्हय न्हवं?

अण्णाराव : त्यांना माहीत आहे, बोर्डिंगात मी सहा वर्षं तुमच्या हातचं जेवलोय.

सोजरबाई : जेवलाय, आन ताटात भाकरी टाकून उठायची सवय बी मीच मोडलीय तुमची. आता ऐका. मांडव उतरणार न्हाई. सात दिसांचा हाय. आज तिसरा दीस. आनखी चार दिसांनी मी सोता उतरवीन, आन सरमाड शेजारच्या बसलिंगप्पाच्या म्हशीला घालीन.

अण्णाराव : मग निदान तुमच्या दारात तरी बांधा. तिथं कुणी काही म्हणणार नाही.

सोजरबाई : चाळीतल्या एका खोलीला कुटलं आलंय दार-अंगण? आन माझ्या एकटीचा न्हाई हा सण. आपल्या मंडळीतली चौदा घरं करकंबच्या कामावर हुती. दुष्काळात खडी फोडायला गेली, आट म्हैने बोरीबाभळीच्या खोप्यात ऱ्हायली. हे चौदा घरांचं हाय. मंडळीचं हाय. मनून मंडळीच्या आवारात.

अण्णाराव : मावशी, तुम्ही शास्त्र शिकवता बायकांना. तुम्हाला मी काय सांगायचं? पौलानं लिहून ठेवलंय. सण, अमावास्या, शब्बाथ, ही सगळी येणाऱ्या गोष्टींची सावली होती. ख्रिस्त आला. आता सावली धरून बसायचं काय कारण?

सोजरबाई : सावली?

अण्णाराव : हो. सावली म्हटलंय त्यानं.

सोजरबाई : वैशाखात करकंबला खडी फोडायला बसला असता, पाळकसाहेब, तर सावलीला असं एका फुंकरीनं उडीवलं नसतं. आमी सावलीसाटी भांडलोय. एका गोणपाटाच्या सावलीत पाच बाया बसायच्या, पाळीपाळीनं. आन ज्येचं अंग, त्येचीच सावली पडती का न्हाई? सावली बगून कळतं, माणूस जवळ आलाय मनून.

अण्णाराव : हे शब्दाला शब्द झालं.

सोजरबाई : बरं, मग हिशेबानं बोलू. देवानं मोशेला सांगितलं, वर्सातनं तीन येळा समद्यांनी माज्याम्होरं यायचं. तीन सण कोणचे? तुमीच सांगा. हितवर तुमचा अब्यास झालाय की.

अण्णाराव : वल्हांडण. सप्तकांचा सण. मांडवांचा सण.

सोजरबाई : वल्हांडणाचं काय केलं आपण? येशूनं ज्या रातीला भाकर मोडली ती कुटल्या सणाची रात हुती? मिसरातल्या गुलामीतनं सुटल्याचीच न्हवं? तीच भाकर उद्या तुमी मोडणार, आन तीच मला द्यायची न्हाई मनून ठराव केलाय. आता दुसरा. सप्तकांचा. त्या सणाला शिष्य एका जागी बसले हुते, आन आत्मा आला. आपण पेंटेकॉस्ट म्हणतो, ढवळे कपडे घालतो, गातो. दोन सण तुमी घेतले, नावं बदलून घेतले. तिसऱ्यानं काय पाप केलंय?

अण्णाराव : पाप नाही केलं. पण तो पाळायची आपल्याकडं रीत नाही.

सोजरबाई : नाताळाला केक कापायची रीत कुटनं आली? मडमांनी आणली. केक चालतो आन सरमाड चालत न्हाई?

अण्णाराव : बाळासोंचं म्हणणं वेगळं आहे, आणि ते अगदीच चूक नाही. ते म्हणाले, आपल्या आजोबांनी मांडव सोडले, देवदेव सोडले, गावानं वाळीत टाकलं तरी मागं फिरले नाहीत. ते इथवर आले त्याला ऐंशी वर्षं झाली. आता रस्त्यानं जाणारा माणूस आवारात डोकावतो आणि म्हणतो, ख्रिस्ती लोकांनी बी देवीचा मांडव घातला वाटतं. परवाच कोजागिरी झाली. लोक मसाल्याचं दूध मागायला आले असते.

सोजरबाई : आले हुते की. तिगं आले. मी बसवून घेतलं, आन ह्यो मांडव कशाचा ते सांगितलं. ऐंशी वर्सात तुमच्या देवळाच्या पायऱ्या न चडलेली माणसं खाली बसून ऐकत हुती.

अण्णाराव : आणि मुहूर्त कुणी काढला? कोजागिरीलाच कसा सुरू झाला?

सोजरबाई : मुहूर्त न्हाई काडला. गुड फ्रायडेच्या पुनवेपासनं सहा पुनवा मोजल्या. सातवा म्हैना. दीनाबाई तसंच मोजायची. चंद्र काय एकट्या कोजागिरीवाल्यांचा हाय व्हय?

अण्णाराव : आणखी एक आहे. तुम्ही पेपर वाचत नाही. आठवडा झाला, तिकडं लढाई पेटलीय. ज्यू आणि अरब. रोज माणसं मरतायत. अशा वेळी तुम्ही ज्यूंचा सण मांडून बसलाय, आणि कुंपणापलीकडं मुसलमानांची वस्ती. रमजानचे दिवस. उद्या कुणाचं डोकं फिरलं तर? मला मंडळीची काळजी आहे. ह्या कमरबीच्या घरच्यांनाच काय वाटत असेल?

कमरबी : काय वाटतंय ते मला इचारा की, पादरीसाब. माझं नाव घेऊन आक्काला भेव कशाला दावता?

अण्णाराव : कमरबी! तुम्ही कधी आलात?

कमरबी : आत्ताच. कुंपनाच्या फटीतनं येते मी, दोन दीस झाले. आक्का, लिंबाचे डहाळे आनलेत. त्या कोपऱ्यातले वाळले न्हवं?

सोजरबाई : ठेव तितं. रोजा हाय तुजा, कशाला वजं उचलतीस? बस.

अण्णाराव : राग मानू नका. मी फक्त म्हणालो, घरी कुणी काही बोललं असेल.

कमरबी : बोलले ना. झूट कशाला सांगू? सासू बोलली, यहुद्याच्या मांडवात जातीस? तिकडं आपल्या मानसांवर बाँब पडायलेत. माझ्या घरवाल्यानं, शेखलालनं बी तिला आडवलं न्हाई. मग मी सासूला म्हनलं, अम्मा, माग बंद पडले, सुताची गाठोडी यायची ऱ्हायली, तवा तुझा ल्योक आन मी करकंबला खडी फोडायला गेलो. तितं आट म्हैने ज्या खोप्यात झोपलो, त्येचा अर्धा भाग हिचा हुता. तवा तू इचारलं न्हाईस, खोपा कुनाचा हाय. आता बी इचारू नगंस.

अण्णाराव : मग काय म्हणाल्या त्या?

कमरबी : क्या बोलती? बोलली, जा, पर मगरिबच्या नमाजाआदी परत ये. मी म्हनलं, रोजा तितंच सोडनार.

सोजरबाई : बगा. हिनं घरात लढाई केली. आन आपले पंच कापडाच्या दुकानात बसून ठराव करत्यात.

अण्णाराव : मावशी, एक गोष्ट मनात आली म्हणून विचारतो. संदेष्ट्यानं म्हटलंय, शेवटी सगळी राष्ट्रं मांडवांचा सण पाळायला येतील, आणि जे येणार नाहीत त्यांच्यावर पाऊस पडणार नाही. तुमच्या मनात असं तर नाही ना, की आपण सण पाळला नाही म्हणून दुष्काळ पडला?

सोजरबाई : न्हाई! हे माज्या तोंडात घालू नका. तसं असतं तर माजे मालक शिक्षा मनून मेले असं हुतंय. आप्पा शिक्षा मनून मेले न्हाईत. ते पाणी न्हवतं मनून मेले.

अण्णाराव : मला तसं म्हणायचं नव्हतं.

सोजरबाई : तुमाला काय म्हणायचं हुतं ते मला ठावं हाय. आप्पा गेल्यावर तुमी दोन दिसांनी आला.

अण्णाराव : मावशी, त्या वेळी मी...

सोजरबाई : मी कदी बोलले न्हाई. आज बोलती. टँकर तीन दीस आला न्हवता. आप्पांस्नी ऊन लागलं. दोपारी खोप्यात आणून टाकलं. मी निरोप धाडला, पाळकसाहेबांस्नी सांगा, माणूस चाललाय, प्रार्थनेला या. तवा देवळाच्या कौलांच्या कामाची सभा हुती मनं. आप्पा बेस्तरवारी गेले. तुमी शनवारी आला, दुष्काळी सुकडी वाटायच्या ट्रकात बसून. खोप्याच्या दाराशी हुबं ऱ्हाऊन प्रार्थना केली. आत आला न्हाई. वाकावं लागत हुतं.

अण्णाराव : कौलांची सभा नव्हती, मावशी. मी खोटं सांगितलं होतं. मला यायचंच नव्हतं. आदल्या आठवड्यात मी कामावर चार माणसं पुरली होती. पाचव्याच्या वेळी... मला जमलं नाही. माझ्याकडं शब्द नव्हते.

सोजरबाई : तवा हे सांगितलं असतं तर मी तुमाला शब्द दिले असते. माज्याकडं हुते. मीच म्हणले. हिनं माती लोटली.

कमरबी : मी आन बसम्मा. अक्कलकोटकडची. ती कन्नडमधी काईतरी म्हनत हुती, मी माझं म्हनत हुती. अल्लाला समदं कळतंय.

अण्णाराव : पाणी अजिबातच नव्हतं?

सोजरबाई : हिच्याकडं अर्धा तांब्या हुता. पोरांच्या वाटणीचा. हिनं आणून आप्पांच्या तोंडात घातला. समदा.

कमरबी : ते कशाला काडतीस आता, आक्का?

सोजरबाई : काडणार. मांडव कशाचा हाय मनून इचारायला आलेत न्हवं हे? ऐका, पाळकसाहेब. येशू ह्या सणाला गेला हुता. लपून गेला, पर गेला. आन सणाच्या शेवटच्या दिशी मोठ्यानं वरडला, कुणाला तान लागली असंल तर त्यानं माज्याकडं यावं. दुसऱ्या कुटल्या सणात न्हाई, ह्याच सणात. आप्पा गेले त्या रातीला मी त्याला लई बोलले. मी म्हणले, तू वरडलास, आमी आलो, आन तुज्याकडं पाणी कुटं हाय? मग मला उमगलं, पाणी आलं हुतं. हिच्या हातानं आलं हुतं. जगवायला पुरलं न्हाई, पर ते तानेले गेले न्हाईत. मनून मी त्याच खोप्यात म्हणले, पाऊस पडला, आमी जित्ते घरी गेलो, तर ह्यो सण मी करणार. घरं मिळाली की माणूस खोपा इसरतो. देवाला ठावं हुतं ते. मनून तर सांगितलं की सात दीस परत खोप्यात ऱ्हावा.

अण्णाराव : मावशी, एक सांगू? मी हे कधी प्रवचनात सांगितलं नाही. शास्त्रात म्हटलंय ना, शब्द देही झाला आणि आपल्यात राहिला. आम्हाला शिकवणारे म्हातारे साहेब म्हणायचे, मूळ भाषेत तो शब्द नुसता राहिला असा नाही. त्यानं तंबू ठोकला, असा आहे. खोपा घातला म्हणा.

सोजरबाई : येशूनं खोपा घातला?

अण्णाराव : आपल्यामध्ये. हो.

सोजरबाई : आन हे तुमाला किती वर्सं ठावं हाय?

अण्णाराव : अठरा.

सोजरबाई : अठरा वर्सं ठावं हाय, आन हितं मला मांडव उतरवा मनून सांगायला आला?

कमरबी : आक्का, हळू. त्यांचं तोंड बग.

सोजरबाई : बगितलंय मी त्यांचं तोंड. सात वर्सांचं हुतं तवापासनं बगतीय. अण्णा, तो कागद हिकडं आण.

अण्णाराव : कशाला?

सोजरबाई : ठरावावर माजी सही लागती का न्हाई?

अण्णाराव : तुमची नाही. माझी. मी अजून केलेली नाही.

सोजरबाई : तू कर, नायतर नगं करू. ते तुजं तू बग. मी तुला गळ घालणार न्हाई. माजी मात्र त्यावर पायजे. पेन दे.

(सोजरबाई कागद मांडीवर घेऊन सावकाश लिहिते.)

अण्णाराव : काय लिहिलंत?

सोजरबाई : वाच की. माजं अक्षर तुला वाचता येतंय. त्यावरच तू शिकलायस.

अण्णाराव : "ठराव ऐकला. मान्य नाही. मांडव सातव्या दिवशी उतरेल. प्रभूच्या मेजावर मला त्यानं बोलावलंय, पंचांनी नाही. सोजरबाई."

कमरबी : वाह.

अण्णाराव : हे वाचून बाळासो गप्प बसणार नाहीत. उद्या ते स्वतः तुम्हाला बाकावरून उठवतील.

सोजरबाई : उटवू दे. उटले की हितं येऊन बसीन. बाकीची तेरा घरं बी येतील. मी कुणाला बोलावलेलं न्हाई, पर येतील. मग देवळात पंच आन बाक.

अण्णाराव : पेन द्या.

सोजरबाई : सही करायलाय व्हय ठरावावर?

अण्णाराव : तुमच्या खाली करतोय. तुम्ही लिहिलंय त्याच्या खाली. उद्या तुम्हाला वगळून मला भाकर मोडता येणार नाही. मोडायची तर इथं मोडीन, नाहीतर नाही.

सोजरबाई : अण्णा, नीट इचार कर. तुला बायको-पोरं हायती. काडून टाकतील.

अण्णाराव : काढून नाही टाकणार. बदली करतील. श्रीपूरला पाठवतील, साखर कारखान्यावर. बाळासो कधीचे धमकी देतायत.

सोजरबाई : श्रीपूर? मग तर बरंच हाय की. आता गळीत सुरू हुईल, ऊसतोडीवाल्यांच्या कोप्यांनी समदं रान भरंल. तुला मांडव घालायला बी नगं. नुसतं वाकून आत जायचं.

अण्णाराव : या वेळी वाकेन.

कमरबी : पादरीसाब, हुबं का? बसा की खाली. सही करून कुनी हुबं ऱ्हातंय व्हय?

अण्णाराव : बसतो. कमरबी, तुमचा रोजा सुटायला किती वेळ आहे?

कमरबी : हाय अजून थोडा. बांग झाली की आक्का मला आदी पानी देती, मग खजूर. तवर काईतरी वाचा. आक्काची नजर सांजच्याला काम देत न्हाई.

अण्णाराव : काय वाचू, मावशी?

कमरबी : मूसाचं वाचा. खोप्यात आक्का रोज वाचायची. मला बी ठावं हाय, चुकला तर सांगीन.

सोजरबाई : पुस्तक त्या गाठोड्यात हाय. पान दुमडलेलं हाय बग.

अण्णाराव : सापडलं. रानातला भाग. लोक तहानलेत आणि मोशेशी भांडतायत, आम्हाला मारायला आणलंस का म्हणून.

सोजरबाई : व्हय. आप्पांस्नी वाचून दावत हुते, ते गेले तवा तितंच थांबले. त्याच्याम्होरं खडकातनं पाणी निगतंय, ते मला ठावं हाय. पर मी अजून वाचलेलं न्हाई.